दाबा मास्तर, सोडा मास्तर

किसनमिस्त्री नव्या माणसाच्या तोंडाकडे बघत नसत. ते आधी त्याच्या डाव्या पायाकडे बघत.

माझी त्यांची पहिली भेट झाली ती स्टोव्हमुळे. नगर-सोलापूर रस्त्यावरच्या त्या गावात हायस्कुलात सायन्स मास्तर म्हणून रुजू होऊन मला जेमतेम आठवडा झाला होता आणि आमच्या स्टोव्हने संप पुकारला होता. एसटी स्टँडच्या मागे पत्र्याची एक शेड होती. तिच्यापुढे खाकी हाफपँट, डोक्याला मुंडासं आणि चष्म्याला काड्यांऐवजी सुतळी, अशा थाटात पंचावन्नच्या आसपासचे एक गृहस्थ उकिडवे बसले होते. मी स्टोव्ह पुढे केला. त्यांनी स्टोव्हकडे पाहिलंसुद्धा नाही.

“चपला काढा.”

देवळाच्या पायरीशी काढाव्यात तशा मी दोन्ही काढल्या.

“डावा पाय हिकडं.”

त्या भागात तेव्हा पायातून निघणाऱ्या नारूच्या जंताचा त्रास होता. मिस्त्री फावल्या वेळात आरोग्य खात्याचंही काम बघत असतील, असं समजून मी पाय पुढे केला. त्यांनी तो तळहातावर घेतला, घोटा फिरवून पाहिला, टाचेवर टिचकी मारली.

“दाबा. आनखी दाबा. हां. आता सोडा. आवो, हळू! झोपल्यालं पोर खाली ठिवत्यात तसं सोडा.”

मी सोडला.

“चालंल,” ते म्हणाले. “आईतवारी या.”

बी.एस्सी., बी.एड. झाल्यावर मी सात ठिकाणी मुलाखती दिल्या होत्या. इतक्या झटपट कुठेच पास झालो नव्हतो. त्यामुळे निवड कशासाठी झाली हे न विचारताच मी खूश होऊन घरी आलो. स्टोव्ह तिथेच राहिला, आणि त्या रात्री आमच्याकडे चुरमुरे खाऊन भागवलं.

कामाचं स्वरूप रविवारी कळलं. शेडच्या मागे एक गाडी उभी होती. ‘गाडी’ म्हणताना मी जरा सढळपणा दाखवतोय. तिला टप नव्हता, दारं नव्हती, पत्रा म्हणून नव्हता. विहिरीवरच्या जुन्या पाइपांचा एक पिंजरा, त्यात बंद पडलेल्या तंबू थिएटरच्या दोन लोखंडी खुर्च्या, पुढची चाकं कुठल्याशा मोडक्या मोटारीची आणि मागची लष्कराच्या भंगारातल्या जीपची. इंजिनही जीपचंच, पण ते पुढे असायचं ते मागे. शेडच्या खांबाला इंग्रजी मासिकातलं एक चित्र खिळ्याने ठोकलेलं होतं. समुद्रकाठच्या वाळूच्या टेकडीवरून अशीच एक सांगाड्याची गाडी उडी मारत होती आणि आत दोन केसाळ गोरे तरुण हसत होते. मिस्त्रींनी वीस वर्षं नगरला लष्कराच्या वर्कशॉपात फिटर म्हणून काढली होती. हे चित्र तिथल्या रद्दीतलं.

“खाली काय लिवलंय?” त्यांनी मला विचारलं.

“अशा गाड्या वाळूत मजेसाठी चालवतात, असं लिहिलंय.”

“मजेसाटी?” त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. “फुडं वाचा. कामाचं खाली आसंल.”

मिस्त्रींना मजा नको होती. त्यांना सहा कोसांवर जायचं होतं आणि मध्ये सीना नदीचं पाऊण मैल रुंद वाळवंट होतं. पलीकडे, जामखेडच्या अंगाला, त्यांची एकुलती एक मुलगी हौसा दिलेली होती. हौसाची आई ती लहान असतानाच गेली. पोर शेडमध्येच वाढली, पाने-पकडी खेळत. तिच्या लग्नात मांडवातच नवऱ्याकडच्या चुलत्याने चारचौघांत टोमणा मारला, की कबूल केलेल्या फटफटीचं काय झालं? का लोकांच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्याला स्वतःची गाडी म्हणून नसते? मिस्त्री उठले आणि म्हणाले, “माज्या हातानं केलेल्या गाडीत बसून यीन, तवाच तुमच्या उंबऱ्याला पाय लावीन.” एवढं बोलून मांडवातून जे गेले ते पाठवणीलासुद्धा सापडले नाहीत. पोरीला मावशीने वाटे लावलं. ही सगळी हकिगत मला गावाने सांगितली. मिस्त्री त्यातलं अक्षर बोलत नसत.

खरं तर एसटीने फाट्यापर्यंत जाऊन, वाळू तुडवत अर्ध्या दिवसात मुलीकडे पोचता आलं असतं. हे मी एकदा बोलून दाखवलं. मिस्त्रींनी पेचकसाचं टोक इंजिनाला लावलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून म्हणाले, “लोखंडाला इचारू.” जे उत्तर द्यायचं नसे त्या प्रत्येक प्रश्नाला त्यांचं हेच उत्तर असे.

आता माझ्या नेमणुकीबद्दल. इंजिन मागे, म्हणजे क्लच मागे. पाय ठेवायचा दांडा मात्र पुढे. मध्ये आठ फूट तार. क्लच सुटतो का, पुरता सुटतो का, बसताना कुठे अडतो का, हे बघायचं तर एका माणसाने पुढे बसून दाबायचं आणि दुसऱ्याने मागे आडवं पडून बघायचं. मिस्त्री मागे पडत. मी पुढे बसे.

“दाबा मास्तर!”

मी दाबे.

“सोडा मास्तर! अर्धा. आर्धा म्हन्लं म्या. पुन्ना दाबा.”

असे मी दोन वर्षं दर रविवारी क्लच दाबले. बहुतेक रविवारी ना इंजिन चालू, ना गाडी जाग्यावरून हललेली. मी आपला थिएटरच्या खुर्चीत बसून समोरच्या बाभळीकडे बघत दाबतोय आणि सोडतोय. वर्गात फळ्याकडे वळलो की मागच्या बाकावरून हलकेच आवाज येई, “दाबा मास्तर!” गावच्या शिंप्याने विजारीचं माप घेताना एकदा गंभीरपणे विचारलं, “डावीकडं जरा सैल ठिवू का?”

केवळ दाबण्या-सोडण्यापलीकडे मी काहीच केलं नाही, असं मात्र नाही. एकदा मी गाडीच्या रचनेत भाग घेतला होता. इंजिन मागे बसवताना जागेसाठी ते तोंड फिरवून बसवावं लागणार होतं. मिस्त्रींना शंका आली. “मास्तर, इंजिन फिरिवलं तर चाकं उलटी तर न्हाई फिरनार?” मला कुणी काही विचारलं की माझा जीव कसा हलका होतो. मी दोन दिवसांची मुदत मागून घेतली. शाळेच्या फळ्यावर तीन रंगांच्या खडूंनी बाण काढले. अकरावीच्या वर्गालाही ते उदाहरण समजावून दिलं आणि रविवारी जाहीर केलं, की चाकं सुलटीच फिरतील, हे विज्ञानाने सिद्ध आहे.

पहिली चाचणी बाजारच्या दिवशी झाली. शे-दीडशे माणूस गोळा झालं होतं. मिस्त्री चालवायला बसले, मी शेजारी. त्यांनी पहिला गेर टाकला आणि गाडी पाठीमागे सुटून शेडमध्ये घुसली. दुसरा टाकला, तर ती मागेच, पण दुप्पट वेगाने. तिसरा टाकायची गरज नव्हती, पण मी आग्रह केला. फक्त रिव्हर्सचा गेर टाकला तेव्हा ती पुढे चालली, गाभण म्हशीच्या चालीने. मागे जायला तीन गेर आणि पुढे जायला एक, अशी गाडी जिल्ह्यात बहुधा तेवढीच असेल. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, “मास्तर, वर्गात बी आसंच शिकिवता का?”

मिस्त्रींनी मागचा आस काढला आणि अख्खा उलटा करून बसवला. त्याला महिना लागला. गाडी सुलटी झाली. मी मात्र त्या पहिल्या चाचणीत गेरचा नकाशा वहीत टिपून घेतला होता, ‘पुढे जाणे : दांडा डावीकडे व वर’, आणि तो पाठ केला होता. माझं पाठांतर चांगलं आहे. चुकीचं पाठ केलेलं तर मी सहसा विसरतच नाही.

मग तेल. कललेल्या इंजिनातून क्लचच्या प्लेटवर तेल उतरायचं आणि क्लच सरकायचा. इंजिन बोंबलतंय आणि गाडी ढिम्म. मी सुचवलं, खडूची पूड तेल शोषून घेते. शाळेतून दोन खोकी खडू नेले, कुटले, चाळले, प्लेटवर भुरभुरवले. सरकणारा क्लच आता असा धरू लागला की मी पाय सोडताच गाडीने उडी मारली आणि माझा चष्मा बाभळीत गेला. तिकडे हेडमास्तरांनी विचारलं, सायन्सला एवढे खडू कशाला लागतात? मी म्हणालो, आकृत्या फार आहेत. पुढे प्लेट पेट्रोलने धुवावी लागली ती लागलीच.

गेरचा दांडा हे आणखी एक प्रकरण. दांडा पुढे, गेरबॉक्स मागे, मध्ये पाइप आणि त्याला तीन सांधे. प्रत्येक सांधा थोडा थोडा ढिला. इथे दांडा हलवला की तिकडे निरोप पोचायला वेळ लागे, आणि पोचेपर्यंत निरोप बदललेला असे. मिस्त्री एकेक सांधा काढत, झिजलेल्या कड्याच्या जागी पितळेचं बुश घालत, पुन्हा लावत आणि म्हणत, “दाबा मास्तर.”

दीड-दोन महिन्यांनी हौसाचं कार्ड येई. मिस्त्रींना वाचता येत होतं, पण गाडीखालून ते म्हणत, “तुमीच वाचा. माजं हात काळं हायत.” मी वाचे. मुलगी झाली. मुलीचं नाक तुमच्यावर गेलंय. मुलगी बसायला लागली. मुलगी भिंतीला धरून चालते. आणि प्रत्येक कार्डाच्या शेवटी एकच ओळ असे, ‘गाडी कुठवर आली?’

“काय लिहू?” मी विचारे.

“लिवा, क्लचचं काम चालू हाय.”

“आणखी?”

खालून बराच वेळ फक्त पान्याचा आवाज येई. मग, “लिवा, गेरचं बी.”

बहात्तर सालचा पावसाळा कोरडा गेला. विहिरी आटल्या, पंपांची इंजिनं गप्प झाली, बैलं विकली गेली. मिस्त्रींच्या शेडपुढे रांगेने लागणारी इंजिनं येईनाशी झाली आणि त्यांचा सगळा वेळ गाडीला मोकळा झाला. मला वाटलं, आता महिन्याभरात काम तडीस जाईल. झालं भलतंच. शनिवारी संध्याकाळी माझ्यासमोर घट्ट केलेला नट रविवारी सकाळी सैल सापडू लागला. मी त्यावर मिस्त्रींना व्याख्यान दिलं. दिवसा ऊन, पहाटे गारवा, धातूंचं प्रसरण आणि आकुंचन. मिस्त्रींनी ते मान खाली घालून ऐकून घेतलं. “आसंल, आसंल,” म्हणाले.

सकाळी टमरेल घेऊन ओढ्याकडे जाताना मला कोरड्या वाळूत चाकांचे ताजे माग दिसत. मागे जाड, पुढे बारीक. मी वाकून, बोटांनी मोजून निष्कर्ष काढला की दुष्काळी कामांवर देखरेख करणारी सरकारी जीप पहाटेच फेरी मारून जात असणार. इतक्या लवकर उठणाऱ्या खात्याबद्दल मला आदर वाटला. तो मी शिक्षकांच्या खोलीत बोलूनही दाखवला.

आमची ही एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणाली, “मिस्त्रींना खरंच जायचंय का हो तिकडे?”

मी तिचं लाटणं घेतलं आणि मागच्या आसाची रचना समजावून द्यायला लागलो. तिने लाटणं परत घेतलं.

मग ते कार्ड आलं. मी नेहमीसारखं खुर्चीत बसून वाचायला घेतलं. ‘ती. आबांस हौसाचा नमस्कार. यंदा पेरणी झालीच नाही. दसरा झाला की मुकादमाचा ट्रक येईल. आम्ही सगळी ऊसतोडीला जाणार, उन्हाळ्यापर्यंत. कोणत्या कारखान्याला ते अजून ठरलं नाही. पोरीला घेऊनच जाणार. त्याआधी एकदा येऊन तिला बघून जा. गाडी झाली नसली तरी चालेल.’

मी स्वतः राहात्याकडचा, कालव्याच्या पाण्यावर वाढलेला. दर वर्षी आमच्याकडे ऊसतोड्यांच्या पाचटाच्या खोप्या पडत. त्यांत कुणाची हौसा राहते, हा विचार माझ्या मनात तोवर कधी आला नव्हता.

पान्याचा आवाज थांबला होता.

“शेवटची वळ पुन्ना वाचा, मास्तर.”

“गाडी झाली नसली तरी चालेल.”

मी उत्तराचं कार्ड मांडीवर घेतलं. खालून आवाज आला. “लिवा. खंडेनवमीला येतो.”

खंडेनवमीला सकाळी मिस्त्रींनी हत्यारांची पूजा केली. प्रत्येक पान्याला हळदकुंकू लावलं, गाडीला झेंडूची एक बारीकशी माळ घातली. त्या साली झेंडू कुठला, पण ती त्यांनी कुठून तरी मिळवली होती. नारळ मी फोडला, तिसऱ्या फटक्याला. मिस्त्री धोतर, कोट आणि फेट्यात होते. त्यांचे गुडघे झाकलेले मी पहिल्यांदाच बघत होतो. हिने हौसासाठी खण-नारळ आणि पोरीसाठी स्वतः शिवलेलं झबलं माझ्या हाती दिलं आणि बजावलं, “त्यांना घेऊनच परत या. मध्येच सोडू नका.” मला त्याचा अर्थ कळला नाही.

गाडी अशी चालली की मला स्वतःचाच अभिमान वाटू लागला. गेर लोण्यात सुरी जावी तसे पडत होते. क्लच सरकत नव्हता, धक्का मारून धरतही नव्हता. वाटेत दुष्काळी कामावर खडी फोडणारी माणसं हातोड्या थांबवून उभी राहिली. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. एक म्हातारा ओरडला, “मिस्त्री, झाली का यकदाची?” मिस्त्रींनी फक्त हात वर केला. मग नदी आली. पाण्याचा टिपूस नाही, नुसती पांढरी वाळू. जाड चाकांनी ती वाळू अशी कापली की मी खुर्चीत उभा राहून ओरडलो. दोन वर्षांचा माझा डावा पाय त्या गाडीत होता, त्यामुळे माझे डोळे भरून आले. मिस्त्री हसले नाहीत.

पलीकडचा काठ चढून आम्ही वर आलो. दोनेकशे पावलांवर लिंबाखाली घर दिसत होतं. अंगणात कुणी तरी वावरत होतं. मिस्त्रींनी गाडी सावकाश वळवली, तिचं तोंड आमच्या गावाकडे केलं आणि बंद केली.

“इंजिन तापलंय,” ते म्हणाले. “सावलीत ठिवलं. तुमी पानी बगा.”

मी रेडिएटरमध्ये पाणी ओतत होतो तोवर ते मागे वाकून काही करत होते. पुन्हा येऊन बसले आणि क्लच दाबला. दांडा खळ्ळकन खाली जाऊन तिथेच पडून राहिला.

“गेला,” मिस्त्री म्हणाले.

ते उतरले आणि बांधावर जाऊन बसले. बिडी काढली, ती पेटवली नाही. “मास्तर, तुमी म्होरं व्हा. खण-नारळ द्या. सांगा, गाडी इथवर आली आन् क्लच गेला. दिवाळीनंतर येतो म्हनावं.”

दिवाळीनंतर तिथे कुणीही असणार नव्हतं. हे त्यांनाही माहीत होतं.

दोन वर्षांत मी गाडीखाली एकदाही शिरलो नव्हतो. त्या दिवशी शिरलो. इस्त्रीच्या सदऱ्यानिशी वाळूत आडवा पडलो आणि आठ फूट तार बोटाने चाचपत मागे गेलो. तार शाबूत होती. तिच्या टोकाचा नट आट्यांच्या अगदी शेवटापर्यंत मागे फिरवलेला होता. बाकी सगळ्यावर सहा कोसांची धूळ होती. तेवढे आटे मात्र लख्ख होते.

प्रसरण नव्हे आणि आकुंचनही नव्हे. ओढ्यातली ती जीप कुणाची होती, तेही मला त्या गाडीखाली पडल्या पडल्या कळलं. ज्या माणसाने दोन वर्षं मला क्लच शिकवला, त्याच्या क्लचला काही झालेलं नाही एवढं निदान आयुष्यात पहिल्यांदा मी बरोबर केलं होतं. मी नट बोटांनीच जागेवर आणला, पान्याने आवळला आणि बाहेर आलो.

“नट ढिला होता. झालं.”

“तुमाला कुनी सांगितलं हात घालायला?” मिस्त्री एकदम उसळले.

“कधीपासून चालते ही गाडी?”

त्यांनी बिडी कानावर ठेवली. पुन्हा काढली. “शिमग्यापास्नं.”

“मग गेलात का नाही?”

मला वाटलं, आता लोखंडाला विचारायला सांगतील. पण ते नदीकडे बघत बोलू लागले. “पाठवनीला न्हवतो मी, मास्तर. पोर वळूवळू बगत हुती म्हनं. गाडी बैल जुपून तयार, आन् ही म्हनती, आबा येतील, थांबा. मी शेडमदी बसलो हुतो, फुटक्या इंजिनापशी. रागानं बसलो आन् मग लाजंनं बसलो. आता ती लिवती, गाडी कुटवर आली. गाडी हुईस्तवर ती वाट बगतीय. गाडी झाली, मी गेलो, आन् पोर माज्याशी बोललीच न्हाई तर? मग मागारी जाऊन कुटला पार्ट बदलू?”

आम्हा मास्तरांना उत्तर सुचलं नाही की आवाज चढवायची सवय असते.

“उठा! बसा गाडीत!” मी ओरडलो. बहुधा वर्गात ओरडतो तसाच ओरडलो, कारण पंचावन्न वर्षांचे किसनमिस्त्री निमूट उठले आणि जाऊन शेजारच्या खुर्चीत बसले. म्हणजे चालवायचं मी.

हँडल मारून इंजिन चालू केलं आणि बसलो. गाडी फिरवून घराकडे न्यायची, एवढाच बेत होता. क्लच दाबला. माझा पाय त्यात तयार होता. गेरचा दांडा मात्र मी आजवर कधी धरला नव्हता, म्हणून वहीतला नकाशा आठवला. पुढे जाणे : डावीकडे व वर. ढकलला, क्लच सोडला आणि गाडी पाठीमागे, सरळ घराच्या दिशेने चालू लागली.

“मास्तर, मागारी चाललीया!”

“मला दिसतंय!”

“दाबा!”

पण आता दाबलं असतं तर ते उतरून पुन्हा बांधावर जाऊन बसले असते. दोन वर्षांत मी त्यांचा शब्द पहिल्यांदा मोडला. मान मागे वळवून, चाक उलटसुलट फिरवत, नागमोडी जात मी तशीच गाडी नेली. मिस्त्री दोन्ही हातांनी पाइप धरून समोर नदीकडे बघत बसले होते. त्यांनी एकदाही मागे पाहिलं नाही. कुत्री भुंकली, कोंबड्या उडाल्या आणि अंगणातली गोवऱ्यांची रास अर्धी पाडून गाडी थांबली. थांबवली मी नाही, गोवऱ्यांनी.

धूळ बसली. ओट्यावर घोंगडी पांघरून एक म्हातारा बसला होता. मांडवातला चुलता तोच. त्याने गाडीचं पलीकडे वळलेलं तोंड बघितलं, मिस्त्रींची पाठ बघितली.

“मिस्त्री,” तो म्हणाला, “आलात म्हनायचं का निगालात?”

घरातून विशी-बाविशीची एक बाई आली. कडेवर पोरगी होती आणि पोरीचं नाक खरंच मिस्त्रींचं होतं. ती गाडीला वळसा घालून पुढे आली, कारण मिस्त्री काही मागे वळत नव्हते. खुर्चीसमोर येऊन उभी राहिली.

“किती येळ लावला, आबा.”

हौसाने गाडीच्या पाइपावरून हात फिरवला, वाकून क्लचच्या दांड्याकडे पाहिलं. आबांची अडचण तिला कळली असावी. ती हळूच म्हणाली, “क्लच सरकत हुता का लई?”

दोन वर्षं सगळ्या कार्डांत लिहिलेलं उत्तर ती त्यांच्या हातात देत होती. नुसतं ‘व्हय’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी मनातल्या मनात ‘व्हय म्हणा, मिस्त्री’ म्हणत होतो.

“न्हाई, बाई,” मिस्त्री म्हणाले. “क्लच चांगला हुता. मला भ्या वाटत हुतं.”

हौसाने पोरीला आबांकडे द्यायला म्हणून पुढे केलं. मिस्त्रींनी हात पुढे केले आणि मागे घेतले. ते तेलाने काळे होते, आणि पोरीच्या अंगात धुतलेलं पोलकं होतं.

“थांबा,” ती म्हणाली. पोरीला तिने चुलतसासऱ्याच्या मांडीवर ठेवलं, आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. त्या वाडीला तेव्हा दोन दिवसांआड टँकर येत होता आणि माणशी एक हंडा मिळत होता, हे मला नंतर तिच्या नवऱ्याने सांगितलं. मी त्याच्याबरोबर गोवऱ्या रचत होतो, त्यामुळे मला सगळं दिसलं नाही. एवढं दिसलं, की मिस्त्री ओट्याच्या कडेला दोन्ही हात पुढे करून बसलेत आणि हौसा बारीक धारेने पाणी सोडत, चुलीतल्या राखेने त्यांचं एकेक बोट चोळतेय. वीस वर्षं लष्कराच्या आणि बारा वर्षं गावच्या इंजिनांतलं ते काळं होतं. ते निघत नव्हतं. तांब्या रिता झाला.

“आसू दे, बाई,” मिस्त्री म्हणाले. “पानी वाया जातंय.”

“बसा गुमान,” हौसा म्हणाली, आणि आत जाऊन दुसरा तांब्या भरून घेऊन आली.